गाडी पकडणारे आणि गाडी चुकलेले

खेळाडूची कारकीर्द त्याच्या जिद्दीवर उभी राहते की त्याच्या पायाखालच्या मैदानावर? हा वाद गावोगावी चालतो. इथे तो बोईसरच्या एका घरात चालला आहे. मामा तारापूर अणुविद्युत केंद्राच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. भाची दिवसा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सकाळी सोसायटीमागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर मुलांना स्केटिंग शिकवते. वादाला निमित्त झाला स्वेन क्रामर, २०२२ मध्ये निवृत्त झालेला नेदरलँड्सचा स्पीड स्केटर. त्याची एक जुनी शर्यत भाचीने मुलांना मोबाइलवर दाखवली होती.

मामा : शेजारचा पोरगा सांगत होता, ताईने एक शर्यत दाखवली, त्यात एक गोरा जिंकला आणि मग हरला. हा काय प्रकार?

भाची : बरोबर सांगितलं त्याने. व्हँकुव्हर ऑलिंपिक, २३ फेब्रुवारी २०१०, दहा हजार मीटर. बर्फाचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो, त्यावर दोन लेन, एका वेळी दोघेच सुटतात. आतली लेन आखूड, बाहेरची लांब. म्हणून दर फेरीला दोघांनी लेन अदलाबदल करायची. अशा पंचवीस फेऱ्या. क्रामर सगळ्यांच्या पुढे होता. आठेक फेऱ्या उरल्या असताना तो बाहेरच्या लेनकडे निघाला, आणि तेच बरोबर होतं. पण कडेला उभा असलेला त्याचा कोच गेरार्ड केमकर्स, त्याला वाटलं हा चुकतोय. त्याने ओरडून आतली लेन दाखवली. क्रामरने ऐन वळणावर पाय आत वळवला.

मामा : आणि गेला.

भाची : लगेच नाही ना! तो तसाच पुढच्या सगळ्या फेऱ्या मारत राहिला. १२ मिनिटं ५४.५० सेकंदांत शर्यत संपवली, हात वर केले. दुसऱ्याची वेळ १२ मिनिटं ५८.५५. मग केमकर्स त्याच्याजवळ गेला आणि सांगितलं की तू बाद झालास. क्रामरने गॉगल काढून फेकला. सुवर्ण कोरियाच्या ली सुंग-हूनला मिळालं.

मामा : आणि यातून मुलांनी काय शिकायचं? कोचचं ऐकू नका?

भाची : मी काहीच शिकवलं नाही. मी विचारलं, चूक कुणाची? निम्मी म्हणाली कोचची. निम्मी म्हणाली, बर्फावर होता तो क्रामर, लेन त्याला कळायला नको?

मामा : मी त्या दुसऱ्या निम्म्यांतला. आणि बघ, तू उठताबसता व्यवस्था, व्यवस्था करतेस. जगात त्या लोकांइतकी स्केटिंगची व्यवस्था कुणाकडे नाही. छप्पर घातलेले ट्रॅक, पगारी संघ, डॉक्टर, मसाजवाले. तरी शेवटी काय झालं? एका माणसाने हात चुकीच्या दिशेला केला आणि सगळं पाण्यात. शेवटी माणूसच महत्त्वाचा. आपल्या क्रिकेटपटू शार्दुल ठाकूरला होती का यातली एक तरी गोष्ट? पालघरच्या माहीम गावचा पोरगा. पाठीवर किट, पहाटेची गाडी, फलाटावर उभं राहून चहा. आणि तो कुठे पोहोचला? ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर!

भाची : आलात ना तुमच्या ‘पालघर एक्स्प्रेस’ शार्दुलवर? मला माहीत होतं.

मामा : का येऊ नये? अगं, तो लहान होता तेव्हा विरारच्या पुढे लोकलसुद्धा नव्हती. ती डहाणूपर्यंत आली २०१३ मध्ये. त्याआधी शटल पकडायची, विरारला उतरायचं, दुसऱ्या गाडीत शिरायचं. बोईसरहून सुटलेली गाडी पालघरला येईपर्यंत आत हात शिरकवायला जागा नसायची, आणि या पोराकडे बॅट, पॅड, हेल्मेट. मी त्या गाडीने प्रवास केलाय, म्हणून सांगतो. अशा गाडीतून रोज जाऊन जो खेळतो, त्याला ब्रिस्बेनच्या खेळपट्टीची भीती काय वाटणार?

भाची : मामा, मीही त्याला मानते. २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी, दहा चेंडू टाकले आणि मांडीच्या वर दुखापत. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त वाट पाहायची. आणि परत आला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये, निम्मा संघ जायबंदी असताना. वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी, स्वतःच्या ६७, दोन्ही डावांत मिळून सात बळी. यात कुणाला शंका नाही. पण त्याला गाडीने घडवलं, हे मला मान्य नाही.

मामा : मग कुणी घडवलं?

भाची : शार्दुल आपल्या बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळत होता. सामना होता बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेशी. त्या शाळेचे कोच दिनेश लाड, रोहित शर्मालाही त्यांनीच शोधलेलं. त्या सामन्यात शार्दुलने ७८ धावा केल्या आणि पाच बळी घेतले. लाड सरांनी त्याला आपल्या शाळेत यायला सांगितलं. आणि रोज पालघरहून येणं जमणार नाही म्हटल्यावर त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले ते त्या शाळेकडून. म्हणजे काय झालं, मामा? जिच्यामुळे तो घडला असं तुम्ही म्हणता, तीच गाडी एका शहाण्या माणसाने त्याच्या वाटेतून बाजूला काढली, तेव्हा तो पुढे गेला.

मामा : पुढे मोठा झाल्यावरही तो त्याच गाडीने जायचा की! २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून आला, विमानातून उतरला आणि अंधेरीहून लोकल धरून घरी गेला. लोक बघतच राहिले.

भाची : गेला, आणि मला ते आवडतंच. पण भारताकडून खेळून आल्यावर हौसेने लोकल धरणं वेगळं आणि तेराव्या वर्षी नाइलाजाने धरणं वेगळं. तुमच्याबरोबर त्याच डब्यात बॅटची पिशवी घेऊन चढणारी आणखी मुलं नव्हती?

मामा : होती. एक-दोघं नेहमी दिसायची.

भाची : त्यांचं काय झालं?

मामा : मला काय ठाऊक? दहावी आली असेल. नोकरी लागली असेल. पिशवी माळ्यावर गेली असेल.

भाची : हेच. आपण पोहोचलेल्याची गोष्ट सांगतो आणि त्यातून निष्कर्ष काढतो की गाडी चांगली शिक्षक आहे. बाकीच्यांना आपण मोजतच नाही. मग त्यांच्याविषयी म्हणायला मोकळे, की त्यांच्यात दम नव्हता. त्यांच्यातल्या कुणाला एखादे लाड सर भेटले असते तर काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही. पैलवान खाशाबा जाधवांचंही आपण असंच केलं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नाहीत, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं, सात हजार रुपये उभे केले. ती गोष्ट ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण असं कुणी विचारत नाही, की स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणायला एका मास्तराचं घर गहाण का पडावं?

मामा : ते खरं. पण तुझ्या बोलण्याचा अर्थ असा होतो की माणसाने काही करूच नये, आधी मैदान मिळू दे, मग बघू. असं म्हणत बसलं तर आयुष्य जाईल. क्रामरला बर्फ मिळालं म्हणून तो क्रामर झाला, असं असतं तर त्या देशातला प्रत्येक माणूस क्रामर झाला असता.

भाची : प्रत्येक नाही, पण खूप जण होतात. आकडा सांगू? २०१४ चं सोची ऑलिंपिक. लांब ट्रॅकच्या स्पीड स्केटिंगमध्ये एकूण ३६ पदकं. त्यातली २३ नेदरलँड्सने नेली. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, म्हणजे मुंबई आणि तिच्याभोवतीची शहरं मिळून होतात त्याहून कमी. आणि आणखी गंमत ऐका. टेड-यान ब्लूमेन नावाचा एक डच स्केटर. स्वतःच्या देशाच्या संघात त्याला जागा मिळेना, म्हणून तो कॅनडाला गेला. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं सुवर्ण त्याने जिंकलं. क्रामर सहावा आला. त्यांच्या संघातून उरलेला माणूस दुसऱ्या देशाला सुवर्ण देतो, मामा. ही एकट्याची जिद्द नव्हे, हे पीक आहे.

मामा : पीक म्हटलंस ते बरं झालं. पीक जमिनीप्रमाणे येतं. त्यांच्याकडे कालवे आहेत, थंडी आहे, पाणी गोठतं. पोरं शाळेतून येताना बर्फावरून घसरत घरी येत असतील शेकडो वर्षं. इथे काय गोठतं? वैतरणा? तू बोईसरच्या उन्हात स्केटिंग शिकवतेस, हा मुळातच उलटा धंदा नाही का? आपल्याकडे केळव्याचा किनारा आहे, पोहायला समुद्र आहे, जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत. ती आदिवासी पोरं चढावर जशी पळतात तसं पळून दाखव म्हणावं त्या क्रामरला. कविता राऊत बघ. मोखाड्याच्या पलीकडे त्र्यंबकच्या डोंगरातलं सावरपाडा. २०१० च्या राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. ती कुठे गेली होती ट्रॅक मागायला?

भाची : नाशिकला गेली होती! विजेंदर सिंग सरांकडे. डोंगर तिला पाय देतो, मान्य. पण दहा हजार मीटरची फेरी किती सेकंदांत मारायची, शेवटचे चारशे मीटर कसे राखून ठेवायचे, हे डोंगर शिकवत नाही. आणि तुमच्या कालव्यांचं म्हणाल तर तेही पूर्ण खरं नाही. फ्रीसलँड प्रांतात अकरा शहरांची शर्यत असते, गोठलेल्या कालव्यांवरून जवळजवळ दोनशे किलोमीटर. पहिली १९०९ मध्ये झाली. ती भरवायला सगळीकडे पंधरा सेंटिमीटर जाडीचं बर्फ लागतं. आजवर पंधराच वेळा झाली. शेवटची कधी झाली सांगा.

मामा : गेल्या हिवाळ्यात?

भाची : जानेवारी १९९७. त्यानंतर तेवढं बर्फ धरलेलंच नाही. निसर्गावर बसले असते तर त्यांचं स्केटिंग संपलं असतं. पण क्रामरच्या गावी, हीरेनवेनला, थियाल्फ नावाचा ट्रॅक होता, आणि १९८६ मध्ये त्यांनी त्यावर छप्पर घातलं. क्रामरचा जन्मही त्याच वर्षीचा. कालव्यांनी आवड लावली, पण आवड टिकवली ती छपराने.

मामा : आणि बापाने! त्याचा बाप येप क्रामर स्वतः ऑलिंपिकला खेळलेला स्केटर, हे सांगायचं विसरलीस. घरातच शाळा. त्याला व्यवस्था म्हणायचं का?

भाची : नाही, ते नशीब. पण त्याच वर्षी जन्मलेली स्केटर इरेन वूस्ट घ्या. ती फ्रीसलँडची नाही, दक्षिणेच्या खोर्ले गावची. २००६ ते २०२२, पाच ऑलिंपिक, आणि पाचही ठिकाणी वैयक्तिक सुवर्ण. तिच्याआधी हे जगात कुणाला जमलं नव्हतं. एकूण १३ पदकं. क्रामरची ९, त्यातली ४ सुवर्ण. मग आता नशीब, रक्त, गाव, अशी किती कारणं सांगणार?

मामा : बरं, आता माझं ऐक. त्या २०१० च्या चुकीनंतर क्रामरने काय केलं? मी असतो तर दुसऱ्या दिवशी कोच बदलला असता.

भाची : त्याने बदलला नाही. केमकर्सबरोबरच राहिला. पुढचा अख्खा मोसम दुखापतीत गेला, बर्फावर उतरलाच नाही. आणि २०१४ ला परत येऊन पाच हजारचं सुवर्ण राखलं, सांघिकही जिंकलं.

मामा : बघ! ज्याने सुवर्ण घालवलं, त्याच्याच हाताकडे बघत पुन्हा चार वर्षं फेऱ्या मारायच्या. हे कुठल्या सरकारी योजनेत बसतं? हा स्वभाव आहे. तुझी मुलं हे बघून शिकली तर मला आनंद आहे. तू म्हणतेस जिद्द, जिद्द काय करता? याला मी जिद्द म्हणतो.

भाची : याला मीही जिद्दच म्हणते. पण तुम्हीच सांगा, तुम्ही कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं काढलीत. तिथे रिॲक्टर जिद्दीवर चालवायचात का?

मामा : वेडी आहेस का? तिथे जिद्दीचा काय संबंध? वाचायचं, खात्री करायची, करायचं, लिहायचं. एकाने केलं की दुसऱ्याने बघायचं. शिफ्ट बदलताना काय चालू, काय बंद, काय दुरुस्तीला, सगळं पुढच्याच्या हातात द्यायचं. माणूस चुकतो हे धरूनच ती पद्धत बसवलेली असते.

भाची : मग खेळाच्या बाबतीत उलटं का? तिथे तुम्ही माणूस चुकणार हे धरून चालता, आणि पोराच्या बाबतीत तो कधीच थकणार नाही, गाडी कधी चुकणार नाही, बापाला कधी पैशांची अडचण येणार नाही, हे धरून चालता. केमकर्स चुकला, पण म्हणून क्रामरची कारकीर्द संपली नाही. का? मागे संघ होता, पगार होता, उपचार होते, पुढच्या वर्षी ट्रॅक तिथेच होता. एक पूर्ण मोसम बसून राहायची त्याला सोय होती. आपल्याकडे पोरगा एक मोसम बसला की त्याला कुणीतरी कंपनीत चिकटवतं. चूक पचवायलाही सोय लागते, मामा.

मामा : हं. हे पटण्यासारखं आहे. पण मग तू सोयीशिवाय का शिकवतेस? तुझ्याकडे काय आहे? परवा बघितलं मी, बशीत रॉकेल ओतून काय घासत होतीस जुन्या टूथब्रशने.

भाची : बेअरिंग. एका स्केटला चार चाकं, एका चाकात दोन बेअरिंग. जोडीला सोळा. आपल्या हवेत समुद्राचा खार आहे, वर एमआयडीसीतली धूळ. आठ दिवस साफ केली नाहीत तर बेअरिंग आतून तांबूस होते, हाताने फिरवली की खर्र वाजते. ती खोलायची, बाजूची झाकणी सुईने उचलायची, रॉकेलमध्ये गोळ्या धुवायच्या, फडक्यावर वाळवायच्या, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा. तेल जास्त झालं तर धूळ आणखी चिकटते. नवीन संच घ्यायला सगळ्या पालकांना जमत नाही, म्हणून मीच धुते. थियाल्फमधल्या पोराला हे करावं लागत असेल असं वाटत नाही. तो तेवढा वेळ फेऱ्या मारत असेल.

मामा : पण तुझ्या पोरांना चाक कसं फिरतं ते कळतं. हा फायदा नाही?

भाची : आहे. पहिल्या चार वेळा आहे. चाळिसाव्या वेळी तो नुसता वेळ जातो. आणि तुम्ही म्हणालात बोईसरला स्केटिंग म्हणजे उलटा धंदा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर रिलेचं कांस्य आणणाऱ्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन नावं आपल्या महाराष्ट्राची होती. त्याच संघातला तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये चाकांवरच्या स्केटिंगचा विश्वविजेता झाला, हजार मीटरमध्ये. चेन्नईत तरी कुठे काय गोठतं?

मामा : बरं बाई, चाकांना बर्फ लागत नाही, हे कबूल. पण माझं मूळ म्हणणं सोडत नाही. तू सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत व्यवस्था कुठे दिसली? लाड सरांनी घरात जागा दिली, ती कुठल्या खात्याच्या आदेशाने? खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, कुठल्या परिपत्रकाने? सगळीकडे एकेक माणूसच दिसतो. म्हणजे जिंकलो मीच.

भाची : अर्धे. माणूस दिसतो, पण तो खेळणारा नाही. खेळणाऱ्याच्या शेजारी उभा राहिलेला आहे. तुम्ही सगळं वजन पोराच्या जिद्दीवर टाकत होतात. आता म्हणताय, त्याच्या बाजूला कुणीतरी असावं लागतं. मी एवढंच म्हणते की ते कुणीतरी भेटणं नशिबावर राहू नये. डच लोकांनी वेगळं काय केलं? गावोगावी बर्फाचे क्लब केले, त्यांचा महासंघ १८८२ पासून आहे. गावातली माणसं बर्फ झाडतात, जाडी मोजतात, वेळा घेतात. शेकडो लाड सर नेमून ठेवल्यासारखं आहे ते. मग एखादा पोरगा चुकून दिसायचा राहत नाही.

मामा : म्हणजे तारापूर विद्या मंदिरची आणि बोरिवलीच्या शाळेची मॅच लागली नसती तर…

भाची : तर शार्दुल कदाचित तुमच्या डब्यातला तिसरा मुलगा असता. पिशवी माळ्यावर. त्याच्यात जिद्द तेवढीच असती. म्हणून मी जिल्ह्याकडे स्टेडियम मागत नाही, मिळालं तर हवंच आहे. मी आधी मॅचेस मागते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, मोखाडा, सगळ्या तालुक्यांतल्या शाळा वर्षातून चार वेळा एकमेकींसमोर आल्या पाहिजेत आणि वसई-विरारच्या, मुंबईच्या शाळांसमोरही. बघणारा माणूस तिथे असला पाहिजे. आणि निवडलेल्या मुलाला स्टेशनजवळ राहायला खोली. एवढं झालं तर बाकीचं तो करेल. ते तुमच्या जिद्दीचं खातं.

मामा : मैदानापेक्षा स्वस्त आहे.

भाची : खूपच. पण यात फोटो काढायला कोनशिला नसते, म्हणून होत नाही.

मामा : आता खोचक बोलू नकोस. मला एक सांग, क्रामर स्वतः शेवटी समाधानी असेल का? इतकं सगळं असून दहा हजारचं ऑलिंपिक सुवर्ण त्याला मिळालंच नाही ना?

भाची : नाही मिळालं. २०१० ला लेन, २०१४ ला त्याच्याच देशाच्या योरिट बर्ग्समाने हरवलं, २०१८ ला सहावा. जगात त्या अंतराचा विक्रम त्याच्या नावावर होता, सर्वंकष विश्वविजेतेपद नऊ वेळा, आणि तरी ती एक जागा रिकामी. ३५ व्या वर्षी बीजिंगहून परत आला आणि थांबला. समाधानी आहे की नाही, ते त्यालाच ठाऊक. पण मला मुलांना हेही दाखवायचंय. सगळी सोय असूनही एखादं पदक मिळत नाही. म्हणजे सोय ही जिंकण्याची हमी नाही. ती फक्त एवढीच हमी देते, की हरलास तर तुझ्या हरण्यात गाडीचा, पैशाचा, खड्ड्याचा हात नसेल. खेळात हरायचं, परिस्थितीने हरायचं नाही.

मामा : हे मात्र मला आवडलं. खेळात हरलेल्याच्या पाठीवर थाप मारता येते. परिस्थितीने हरलेल्याला आपण उपदेश करतो.

भाची : मग उपदेश बंद करा आणि रविवारी सकाळी सहाला पट्ट्यावर या.

मामा : मी? या गुडघ्यांनी?

भाची : स्केट घालायचे नाहीत. स्टॉपवॉच धरायचं. माझे दोन्ही हात मुलांच्या मागे असतात, वेळा कुणी लिहीत नाही. कुणाची फेरी गेल्या महिन्यापेक्षा कमी झाली, कुणाची वाढली, काही कळत नाही. लॉगबुक तुमच्याइतकं नीट कोण ठेवणार?

मामा : धरीन की. पण माझी पद्धत कडक आहे, आधीच सांगतो. सहा म्हणजे सहा. जो उशिरा येईल त्याच्या नावापुढे ‘उशिरा’ असं लाल शाईने लिहीन.

भाची : लिहा. आणि पुढच्या रकान्यात तो का उशिरा आला, तेही लिहा.

मामा : मग वही मोठी आणावी लागेल.